पादोदक आणि मलाजखंडचे पाणी

॥ श्रीगुरुबसवलिंगाय नमः ॥



गेल्या हिवाळ्यात बालाघाट जिल्ह्यात प्रवचनानिमित्त जाणे झाले. बालाघाटहून सुमारे 90 किलोमीटरवर, बैहरच्या पठारावर मलाजखंड हे गाव आहे. देशातील सर्वात मोठी तांब्याची खाण तेथे आहे. नोकरीच्या निमित्ताने जाऊन स्थायिक झालेली काही मराठी घरे त्या वसाहतीत आहेत. त्यांतील एका घरी इष्टलिंगपूजा झाली आणि पादोदक-प्रसादाचे वाटप झाले. त्यानंतर खाणीतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध भक्ताने हात जोडून विचारले, "स्वामीजी, आजच्या प्रवचनात आपण म्हणालात की नदीतल्या माशांचाही विचार करावा. पण आपण लिंगधारी. मासा आपल्या ताटात येत नाही, तो आपण मारीत नाही. मग त्याची चिंता आपण का वाहावी? ती ज्यांचे पोट माशांवर आहे त्यांनी वाहावी."

प्रश्न मनापासून विचारलेला होता. तेथे वेळेअभावी दोन शब्दांत उत्तर दिले, पण त्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही. म्हणून या अंकात आपणा सर्वांपुढे तो प्रश्न पुन्हा मांडतो आणि माझ्या अल्प मतीप्रमाणे त्याचे उत्तर शोधतो.

प्रथम पाण्याचा विचार करू. अष्टावरणात गुरू, लिंग, जंगम यांच्या पाठोपाठ पादोदकाचे स्थान आहे. आपल्या परंपरेने पाण्याला नुसते शरीर धुण्याचे साधन मानले नाही. षट्स्थलशास्त्रात प्रत्येक स्थलाला एक तत्त्व, एक लिंग आणि एक इंद्रिय दिलेले आहे. भक्तस्थलाचे तत्त्व पृथ्वी, लिंग आचारलिंग. त्याच्या पुढची पायरी महेशस्थलाची. तिचे तत्त्व अप् म्हणजे पाणी, लिंग गुरुलिंग आणि इंद्रिय जिव्हा. या स्थलाचे लक्षण कोणते? निष्ठा. श्रद्धा भक्तस्थलाची, निष्ठा महेशस्थलाची. पाणी, गुरू आणि निष्ठा ही तीन एका ओळीत का बसविली असतील, याचा विचार मी पुष्कळ वर्षे केला. त्याचे एक उत्तर मला मलाजखंडला मिळाले. ते शेवटी सांगतो.

दुसरी गोष्ट, शरणांनी तीर्थस्नानाच्या भाबड्या कल्पनेला थारा दिला नाही. नदीत बुडी मारली की पाप धुऊन जाते, ही समजूत त्यांनी मोडून काढली. काही जण यावरून असा अर्थ काढतात की लिंगायताला नदीशी कर्तव्य नाही. हा अर्थ उफराटा आहे. नदी आपले पाप धूत नाही याचा अर्थ असा की आपण नदीत टाकलेले पाप नदीतच राहते. मग ते काढायचे कोणी? ज्याने टाकले त्याने. तीर्थस्नानाने सुटका नाही, कायकानेच सुटका आहे.

आता मलाजखंडचे पाप कसे घडते ते समजून घ्या. ते कोणा दुष्टाचे कृत्य नाही. ते दगडाच्या स्वभावातून आणि आपल्या गरजेतून निर्माण होते.

हिंदुस्थान कॉपर लिमिटेड या सरकारी कंपनीची ही उघडी खाण 1982 साली सुरू झाली. डोंगर कापत कापत तेथे एक अवाढव्य खड्डा झाला आहे, आणि आता त्या खड्ड्याच्या खाली भूमिगत खाणकामही चालते. तेथील खनिजात तांब्याचे प्रमाण सुमारे शेकडा एक आहे. म्हणजे शंभर किलो दगड फोडला तर जेमतेम किलोभर, फार तर थोडे अधिक तांबे मिळते. दगडाचे पीठ करतात, ते पाण्यात कालवतात, त्यात रसायने घालून हवेचे बुडबुडे सोडतात. तांब्याचे कण फेसाबरोबर वर येतात, ते काढून घेतात आणि धातू गाळण्यासाठी अन्यत्र पाठवितात. उरलेले पीठ पाण्यासह एका विस्तीर्ण बांधाआड साठवितात. त्याला तेथील कामगार टेलिंग डॅम म्हणतात. एक किलो तांबे आपल्या घरी येते आणि नव्वदाहून अधिक किलो पीठ त्या बांधाआड राहते, हा हिशेब ध्यानात धरावा.

या दगडात गंधक आणि लोह यांचे संयुग असते. ते जमिनीच्या पोटात असते तोवर शांत असते. फोडून उघड्यावर टाकले की त्याला हवा आणि पावसाचे पाणी लागते, आणि त्यातून गंधकाम्ल तयार होते. ते आम्ल दगडात उरलेले तांबे, लोह, मँगनीज विरघळविते आणि ते पाणी उतार शोधत ओढ्याकडे जाते. याला खाणीचा आम्लस्राव म्हणतात. मलाजखंडच्या अशा विषारी स्रावाचा अभ्यास 2007 साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे, म्हणजे ही ऐकीव गोष्ट नव्हे. खाण एखाद्या दिवशी बंद होईल, पण फोडलेला दगड आम्ल सोडण्याचे थांबविणार नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या चालू शकते.

त्या भागातील पाणी वाहून नेणारी मोठी नदी म्हणजे बंजर. कान्हाच्या अरण्याला लागून ती उत्तरेकडे जाते आणि मंडल्याजवळ नर्मदेला मिळते. जिल्ह्याचा दुसरा भाग वैनगंगेच्या खोऱ्यात आहे, आणि वैनगंगा तर पुढे गोंदिया-भंडाऱ्यातून आपल्याच दारावरून वाहते. 1956 पूर्वी हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होता. राज्याची सीमा माणसाने आखली. पाण्याने ती मानली नाही.

आता माशाकडे येऊ. वृद्ध भक्ताच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे.

माणसाच्या पिण्याच्या पाण्यात तांबे किती चालते? जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला 2 मिलिग्रॅम ही मर्यादा सांगितली आहे. माशांच्या काही नाजूक जातींच्या कोवळ्या पिलांना, पाणी हलके असेल तर, याच्या शंभराव्या भागाइतके तांबेही बाधते. का? आपण पाणी पितो आणि आपले यकृत ते तांबे सांभाळते. मासा पाण्यात श्वास घेतो. त्याचे कल्ले म्हणजे उघडे रक्तच. तांबे कल्ल्यांवर बसते, शरीरातील मीठ बाहेर झिरपू लागते आणि मासा क्षीण होतो. त्याहून अल्प मात्रेतही त्याची वास घेण्याची शक्ती मंदावते. शत्रूचा वास नाही, अन्नाचा नाही. असा मासा लगेच पोट वर करून तरंगत नाही. तो जगतो, पण वाढत नाही आणि हळूहळू त्याचा वंश आटतो. आपणास काही दिसत नाही आणि आपण म्हणतो, नदी ठीक आहे.

विषाइतकाच घात गाळ करतो. महाशीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. नर्मदेच्या खोऱ्यात तो एके काळी विपुल होता, आज दुर्मिळ झाला आहे. त्यामागे धरणे, वाळूउपसा, बेसुमार मासेमारी अशी पुष्कळ कारणे आहेत. त्याला वाहते, थंड, स्वच्छ पाणी लागते. मादी गोट्यागोट्यांच्या तळावर अंडी घालते. ती गोट्यांच्या फटीत जाऊन बसतात आणि फटीतून वाहणारे पाणी त्यांना प्राणवायू देते. अशा तळावर दगडाचे पीठ किंवा शेतातली माती येऊन बसली की फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात.

तेव्हा त्या भक्तास मी आता असे उत्तर देईन: बाबा, मासा न खाणे हा आपला आचार खरा. तो उत्तम आहे. पण धीवर जाळे टाकतो तेव्हा तो दहा मासे नेतो, आणि पुढच्या पावसाळ्यात नदी त्याला पुन्हा दहा देते. आपण मासा खात नाही, पण आपल्या घरातील वीज ज्या तारेतून येते ती तार तांब्याची, पंपाची मोटर तांब्याची आणि पूजेचा कलशही तांब्याचा. त्या तांब्यासाठी माशाचे पाळणाघरच बुजले तर कोणाच्या हातून अधिक हिंसा झाली? ताट शुद्ध ठेवले एवढ्याने दया पूर्ण होत नाही. दया हे धर्माचे मूळ आहे असे आपण लेकरांना शिकवितो. मूळ जमिनीखाली असते, डोळ्यांना दिसत नाही. हिंसाही अशीच न दिसणारी असते.

यावर कोणी म्हणेल, मग तांबे वापरूच नये काय? असे मी म्हणणार नाही. त्या खाणीवर हजारो घरांच्या चुली पेटतात. ज्या घरी माझी पूजा झाली त्या घरची चूलही त्यावरच पेटली. शरणांनी कायकाला कैलास मानले. खाणकामगाराचे कायकही कायकच आहे. पण कायकाला मर्यादा असते, आणि ती आम्हास एका स्त्रीने शिकविली. आयदक्की मारय्या कल्याणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत आणि त्यातून दासोह चाले. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. पत्नी लक्कम्मा यांनी ते पाहिले आणि अधिकचे जेथले तेथे परत नेऊन ठेवावयास लावले. तांदूळ चोरीचे नव्हते, वेचलेलेच होते. तरीही गरजेपेक्षा जास्त घेणे त्यांना मान्य झाले नाही. घेणे आणि परत ठेवणे या दोन्ही क्रिया मिळून कायक होते. खाणीने डोंगरातून घेतले, त्यातले परत काय ठेवले? हा लक्कम्मांचा प्रश्न आहे आणि तो कंपनीला, सरकारला व तांबे वापरणाऱ्या आपल्या प्रत्येकाला लागू आहे.

परत ठेवता येते काय? येते. त्याचा दाखला सातासमुद्रापलीकडचा आहे.

अमेरिकेतील माँटाना राज्यात ब्यूट नावाचे तांब्याच्या खाणींचे शहर आहे. तेथील बर्कली नावाची प्रचंड उघडी खाण 1982 साली बंद झाली. आपली मलाजखंडची खाण सुरू झाली त्याच वर्षी! उपसा करणारे पंप थांबविले, तेव्हा खड्ड्यात आम्लाचे पाणी चढू लागले. नोव्हेंबर 1995 मध्ये स्थलांतर करणारे शुभ्र हंसपक्षी त्या पाण्यावर उतरले. 342 पक्ष्यांची प्रेते मोजली गेली. त्याआधी, 1908 च्या महापुरात, खाणीचा टाकाऊ चुरा क्लार्क फोर्क नदीतून सुमारे 200 किलोमीटर वाहत जाऊन मिलटाउन येथील धरणामागे साचला होता. तेथील विहिरींच्या पाण्यात सोमल आहे हे 1981 साली ध्यानात आले. पाप केले आजोबांनी आणि ते पाण्यात सापडले नातवांना.

परंतु तेथील लोक रडत बसले नाहीत. कायद्याने जबाबदारी ठरविली. सिल्व्हर बो नावाच्या ओढ्यात अनेक दशके मासा नव्हता. 1999 पासून त्याच्या काठावरचा विषारी चुरा खणून दूर नेला, ओढ्याचा मार्ग नव्याने आखला, काठावर झाडे-झुडपे लावली आणि त्या ओढ्यात ट्राउट मासे परतले. 2003 मध्ये खाणीजवळ चुन्याच्या साहाय्याने पाणी शुद्ध करणारे केंद्र उभे केले. 2008 मध्ये मिलटाउनचे धरण फोडून तेथील विषारी गाळ मोठ्या प्रमाणावर काढून नेला आणि शंभर वर्षांनी नदी मोकळी वाहू लागली. हे सारे पूर्ण झाले असे मात्र नाही. ते शुद्धीकरण केंद्र बंद करता येत नाही. ते चालवीतच राहावे लागणार.

यातून उपायांचा क्रम दिसतो. पहिला, पाणी आणि फोडलेला दगड यांची भेटच होऊ न देणे. त्यासाठी खाणीच्या वरच्या अंगाला चर खणून पावसाचे स्वच्छ पाणी बाजूने काढून देणे, टाकाऊ ढिगांवर मातीचा जाड थर देऊन गवत व झाडे वाढविणे. दुसरा, जो आम्लस्राव होतोच तो गोळा करून त्यात चुना घालणे. चुन्याने आम्ल मरते आणि विरघळलेले तांबे साका होऊन तळाशी बसते. पण तो साकाही पुन्हा पाण्यात जाणार नाही अशा जागी ठेवावा लागतो. तिसरा, टेलिंगच्या बांधाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात डोळ्यांत तेल घालून देखरेख. चौथा, नदीला तिचे घर परत देणे. उन्हाळ्यातही पाणी धरणारे डोह राखणे, गोट्यांचा तळ व वाळू न उपसणे, काठावर सावली देणारी झाडे वाढविणे. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा काळ म्हणून मासेमारीस बंदी असते, ती मनापासून पाळणे. सुरुंगाची दारू किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारण्याचा दुष्ट प्रकार कोठेही दिसला तर रोखणे. मोठ्या माशाबरोबर त्याने लाखो पिले मरतात.

पाण्यातले घर परत देता येते याचे उदाहरण तर आपल्या शेजारीच आहे. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत. बेशरमच्या झुडपांनी आणि बाहेरून आणलेल्या माशांनी त्यांतील पुष्कळ तलावांचा जीव गेला होता. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि धीवर समाजातील स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटली, तलावात पूर्वी असणाऱ्या पाणवनस्पती शोधून पुन्हा लावल्या, आणि देशी मासे परत येऊ लागले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला आसरा देते हे ज्ञान पुस्तकात नव्हते, धीवरांच्या घरात होते. शरणांनी अनुभव मंटपात नावाडी अंबिगर चौडय्यांना मानाचे आसन दिले ते उगीच नाही. पाण्यावर जगणारा पाण्याविषयी बोलू लागला की पंडिताने ऐकावे.

हा उपदेश करण्याचा मला अधिकार आहे काय, हेही मी स्वतःस विचारले. आमच्या मठात दरवर्षी उत्सवाचा महाप्रसाद होतो. हजारो पाने उठतात. मोठमोठी भांडी घासली जातात. मलाजखंडहून परतल्यावर मी प्रथमच त्या मोरीच्या पाण्यामागोमाग चालत गेलो. ते तेल, ती साबणाची फेणी, ते खरकटे मठामागच्या ओढ्यात जात होते. इतकी वर्षे मी त्या ओढ्याच्या काठी बसून जप केला, आणि वरच्या अंगाला बसलो म्हणून मला ते कधी दिसले नाही! मडिवाळ माचय्यांनी शरणांची वस्त्रे धुण्याचे कायक केले आणि ते वंदनीय झाले. आम्ही भांडी धुतली आणि ओढा मळविला. आता तेथे शोषखड्डा केला आहे. खरकटे खतासाठी जाते, निर्माल्यही पाण्यात न टाकता मातीत जाते. हे काम फार उशिरा झाले. ते सांगताना संकोच वाटतो, पण सांगितले नाही तर बाकीचे प्रवचन पोकळ ठरेल.

आता आपण काय करावे? पंचाचारांत गणाचार आहे. समाजावर अन्याय होताना गप्प न बसणे हा त्याचा अर्थ. ज्या गावाजवळ खाण, कारखाना किंवा गटार आहे तेथील भक्तांनी पाण्याच्या तपासणीचे निकाल मागावेत. जल (प्रदूषण निवारण व नियंत्रण) कायदा 1974 पासून आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळे त्यासाठीच आहेत. 2015 च्या दुरुस्तीने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. त्या निधीतून पिण्याचे पाणी आणि प्रदूषण नियंत्रण यांना प्राधान्य द्यावयाचे असते. बैहरचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून तेथील गोंड, बैगा बांधवांच्या ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. त्यांच्या पाठीशी उभे राहणे हा आपला भृत्याचार. आणि घरी जुनी तार, बिघडलेली मोटर, फुटके तांब्याचे भांडे उकिरड्यावर न टाकता मोडीत द्यावे. तांबे वितळवून पुन्हा तितकेच चांगले होते. प्रत्येक किलो परत आलेल्या तांब्यामागे नव्वदाहून अधिक किलो दगड डोंगरातच राहतो. लक्कम्मांनी परत ठेविलेले तांदूळ ते हेच.

आता आरंभी राखून ठेवलेली गोष्ट. निघण्यापूर्वी सायंकाळी त्या वृद्ध भक्तासह मी ओढ्याकाठी उभा होतो. ते म्हणाले, "स्वामीजी, मी तीस वर्षे दगड फोडला. हे पाणी निवळायला किती वर्षे लागतील?" मी म्हणालो, "आपल्या दोघांच्या आयुष्यात ते बहुधा होणार नाही." ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तरी काठावर झाडे लावायला तर हरकत नाही ना?"

वाचकहो, तेव्हा मला महेशस्थल उमगले. श्रद्धेला फळ दिसावे अशी ओढ असते. निष्ठा फळ न पाहताही काम सोडीत नाही. बिघडलेले पाणी एका दिवसाच्या उत्साहाने, एका मोर्चाने, एका श्रमदानाने सुधारत नाही. त्याला वर्षानुवर्षांची, पुढच्या पिढीच्या हाती सोपवायची निष्ठा लागते. म्हणून अप् तत्त्वाला निष्ठा जोडली असावी, आणि म्हणूनच तेथे गुरुलिंग आहे. पाणी गुरूप्रमाणे आपले केलेले कर्म आपल्यापुढे धरते.

उद्या सकाळी करतळीचे पादोदक जिव्हेवर घ्याल तेव्हा क्षणभर थांबा. हे पाणी कोठून आले आणि आपल्या घरातून निघालेले पाणी कोठे जाते, एवढे मनात विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर पूजा आटोपल्यावर उठा आणि त्या पाण्यामागे चालत जा.

इति शिवम्.

॥ शुभं भवतु ॥